दयेचे द्वार बांधणारा शिपाई

मल्हारगंजात एका कुटुंबाच्या ओसरीवर दर रविवारी दुपारी मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात तेथे याकोबाचा धडा चालला होता. घर सोडून निघालेला याकोब रानात धोंडा उशाला घेऊन निजतो, स्वप्नात शिडी पाहतो, आणि सकाळी उठून देवाला नवस करतो, तो उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील भाग. धडा संपल्यावर एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले की याकोबाची ही मुलेबाळे, हे इस्राएल लोक, पुढे आपल्या देशात कधी आले होते काय, आणि आले असल्यास ते मराठी बोलत काय. आम्ही उत्तर देण्याआधीच वर्गातील एक मोठी मुलगी म्हणाली की ज्यांनी प्रभूला वधस्तंभी दिले त्यांची चौकशी कशाला करायची.

त्या दिवशी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु घरी परतताना मन खात राहिले. त्या मुलीने जे म्हटले ते तिला कोणी शिकविले? बहुतेक आम्हीच. इतकी वर्षे धडे देताना आम्ही यहूदी लोकांचा उल्लेख केला तो पवित्र शास्त्राच्या पानांपुरता, आणि त्यातही पुष्कळदा परूशी व महायाजक ह्यांच्यापुरता. येशू स्वतः यहूदी, त्याची आई यहूदी, बारा प्रेषित यहूदी, पौल यहूदी, हे आम्हांला ठाऊक होते, पण आमच्या मुलांच्या मनात ते उतरले नव्हते. आणि आपल्याच कोकणपट्टीत, आपलीच भाषा बोलत, याकोबाची लेकरे म्हणविणारा एक समाज शेकडो वर्षे राहत आला, ही गोष्ट तर त्या वर्गात कधी निघालीच नव्हती.

ती उणीव भरून काढावी म्हणून आम्ही ह्या लेखात एका शिपायाची जीवनकथा सांगत आहोत. त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. त्यांचा मृत्यू होऊन सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मुंबईच्या मांडवी भागातील एक रस्ता आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

प्रथम त्यांचा समाज कोणता ते पाहू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. पुष्कळ शतकांपूर्वी ह्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातील सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जीव वाचले, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. लाटांनी वाहून आणलेल्या मृतांना त्यांनी नवगावातच मूठमाती दिली असे सांगतात. बेने इस्राएल ह्या शब्दांचा अर्थ इस्राएलाची मुले, आणि इस्राएल हे याकोबालाच मिळालेले नाव.

ह्या वाचलेल्या माणसांजवळ ग्रंथ नव्हते, याजक नव्हता. समुद्राने सारे नेले होते. ते कोकणातील गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, त्यांच्या स्त्रिया लुगडी नेसू लागल्या. पिढ्या गेल्या तशी इब्री भाषा विसरली. तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी सुंता करीत. मोशेच्या नियमशास्त्राने निषिद्ध ठरविलेले मांस व खवले नसलेले मासे खात नसत. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील एकाच देवाची साक्ष देणारी शमा ही प्रार्थना त्यांच्या मुखी होती. एलीया संदेष्ट्यावर त्यांची मोठी भक्ती, आणि शुभकार्य झाले म्हणजे त्याच्या स्मरणाने गोड पोह्यांचा मलिदा करून देवाचे आभार मानण्याची चाल त्यांच्यात आजही आहे. आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. गावात इतर तेली होते, ते सोमवारी बैलाला विसावा देत. हे मात्र शनिवारी हात थांबवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली हे नाव दिले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी क्षणभर ह्यावर विचार करावा. आपल्या घरी शास्त्राच्या प्रती दोन-दोन, तीन-तीन असतात, आणि प्रभूचा दिवस पाळणे आपल्याला जड जाते. येथे एक समाज होता, ज्याच्याजवळ ग्रंथाचे एक पानही नव्हते, आणि त्याने आपला विसाव्याचा दिवस इतका निष्ठेने पाळला की त्या दिवसावरूनच लोक त्याला ओळखू लागले.

अठराव्या शतकात कोचीनचे यहूदी व्यापारी ह्या लोकांच्या परिचयाचे झाले. कोचीनच्या यहूद्यांचे पुढारी एझेकील राहाबी हे डच कंपनीबरोबर मोठा व्यापार करीत. १७६८ साली त्यांनी हॉलंडमधील एका यहूदी गृहस्थास पाठविलेल्या पत्रात बेने इस्राएलांची माहिती दिली आहे. हे लोक मराठ्यांच्या मुलुखात राहतात, तेल काढतात, त्यांना शमा आणि शब्बाथाचा विसावा ह्यांपलीकडे धर्माचे विशेष ज्ञान नाही, असा त्या माहितीचा आशय होता.

गावांच्या नावांवरून ह्या लोकांची आडनावे पडली. किहीमचे ते केहीमकर, नवगावचे ते नवगावकर, पेणचे ते पेणकर. दिवेकर हे आडनावही ह्याच वळणाचे. त्यांची नावेही मराठी कानाला सोपी होत गेली. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी. आमच्या चरित्रनायकाचे नाव इब्री वळणाने सांगायचे तर शमुवेल बिन यहेज्केल. गावच्या बोलीत सामाजी हसाजी.

अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास काही बेने इस्राएल कुटुंबे कोकणातून मुंबईस जाऊन राहिली. त्यांत दिवेकरांचे घराणे पहिले होते आणि ते १७४६ साली गेले, असे त्या समाजात मानतात. मुंबईत त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. बंदराचे काम वाढत होते, सुतारांना व गवंड्यांना मागणी होती, आणि पलटणी उभ्या राहत होत्या. बेने इस्राएल तरुण पलटणीत भरती होऊ लागले. तेल्याचा मुलगा शिपाई होई, मग नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. देशी माणसाला पलटणीत ज्या वरच्या पायरीपर्यंत चढता येई, तेथवर ह्या लहानशा समाजातील पुष्कळ जण चढले. सामाजी हसाजी हे त्यांत अग्रगण्य. देशी पलटणीतील कमांडंट ह्या मोठ्या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. त्यांचे बंधू इसाजी हेही पलटणीतच होते.

मल्हारगंजात राहणाऱ्या आम्हांला ह्या काळाची ओळख वेगळ्या बाजूने आहे. आमच्या वस्तीला ज्या मल्हारराव होळकरांचे नाव आहे, ते १७६६ साली वारले. त्यांच्या मागे अहिल्याबाईंनी राज्य सांभाळले आणि तुकोजीराव होळकरांनी फौज. १७७९ च्या जानेवारीत मुंबईच्या इंग्रजी फौजेने पुण्यावर चाल केली, तेव्हा वडगावजवळ तिला घेरून शरण आणणाऱ्या मराठी सरदारांत महादजी शिंद्यांबरोबर तुकोजीरावही होते. म्हणजे सामाजी ज्या फौजेत चाकरी करीत होते ती फौज आमच्या पूर्वजांच्या लेखी शत्रूची फौज होती. हे लपविण्याचे कारण नाही. त्या काळी पोटासाठी, घराण्याच्या चालीने किंवा धन्याच्या मिठाला जागून माणसे निरनिराळ्या निशाणांखाली लढत. ज्याने त्याने आपल्या ठिकाणी निष्ठा कशी राखली, एवढेच आपण पाहावे.

१७८० साली म्हैसूरच्या हैदर अलीचे व इंग्रजांचे दुसरे युद्ध सुरू झाले. १७८२ च्या डिसेंबरात हैदर वारला आणि त्याचा पुत्र टिपू गादीवर आला. पुढच्या वर्षी आरंभी जनरल मॅथ्यूज ह्याच्या हाताखाली मुंबईची फौज कानडी किनाऱ्यावर उतरली, घाट चढून गेली आणि तिने बिदनूर घेतले. हा विजय फार काळ टिकला नाही. टिपू मोठ्या सैन्यासह आला, त्याने बिदनूरला वेढा दिला आणि इंग्रजांच्या फौजेस शरण यावे लागले. शेकडो कैदी साखळदंडांत बांधून म्हैसूरच्या किल्ल्यांत नेण्यात आले. खुद्द मॅथ्यूज श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात मेला.

ह्याच युद्धात सामाजी हसाजी टिपूच्या हाती सापडले. त्यांच्याबरोबर त्यांचे बंधू व समाजातील आणखी काही जण होते असे सांगतात. कैद्यांच्या नशिबी काय होते ह्याची कल्पना सर्वांना होती. कित्येकांना मृत्युदंड मिळत होता, कित्येकांना बळाने टिपूच्या पलटणीत घालीत होते.

पुढे जे घडले ते बेने इस्राएल घरांत आजोबांनी नातवंडांना सांगावे अशा रीतीने आजवर चालत आले आहे, आणि त्याच रूपात आम्ही ते देत आहोत. कैद्यांना पुढे आणले गेले तेव्हा प्रत्येकाला त्याची जात विचारण्यात आली. सामाजींची पाळी आली. आपण बेने इस्राएल आहोत असे त्यांनी सांगितले. तेथे जमलेल्यांपैकी कोणी हा शब्द ऐकला नव्हता. कोकणातले मराठी बोलणारे, मराठी पोशाखाचे हे शिपाई, आणि हे कसले नाव? परंतु टिपूच्या आईच्या कानी ते गेले आणि ती चमकली. कुराणात बनी इस्राईल हे नाव पुन्हा पुन्हा येते. त्यातील सतराव्या अध्यायाला तर त्याच नावानेही ओळखतात. ग्रंथात ज्या लोकांची कथा आपण आयुष्यभर ऐकत आलो, ते लोक जिवंत असतील आणि आपल्या मुलाच्या कैदखान्यात असतील, असे त्या बाईच्या मनात कधी आले नसावे. तिने मुलाजवळ रदबदली केली, आणि सामाजी व त्यांच्या सोबत्यांचे प्राण वाचले.

ह्या कथेवर आम्ही पुष्कळ विचार केला. सामाजींना त्या घटकेला आपली ओळख लपविता आली असती. मराठी नाव होते, मराठी भाषा होती, कोणी पडताळा घेणार नव्हते. खरे सांगितल्याने जीव वाचेल अशी त्यांना कल्पनाही नसणार. उलट अनोळखी नाव सांगितल्याने संशय वाढण्याचाच संभव होता. तरी ते आपल्या बापजाद्यांचे नाव बोलले. आणि त्यांना वाचविले ते परक्या धर्माच्या, शत्रूच्या घरातील एका आईने. शोमरोनी माणसाचा दाखला आपण मुलांना दर वर्षी शिकवितो. शेजारी कोण, ह्या प्रश्नाला येथे श्रीरंगपट्टणच्या राजवाड्याने उत्तर दिले. आज आपल्या देशात धर्माधर्मांत अंतर पडत असताना ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. टिपूच्या कैदेतील क्रूरता खरी होती, आणि तेथे प्रकटलेली दयाही त्या समाजाने खरी मानून जपली आहे. दोन्ही सांगावे, एकासाठी दुसरे गाळू नये.

कैदेत असताना सामाजींनी देवाला नवस केला की येथून जिवंत सुटलो तर त्याच्या नावाने प्रार्थनामंदिर बांधीन. ११ मार्च १७८४ रोजी मंगळूर येथे इंग्रज व टिपू ह्यांचा तह झाला, आणि त्यात दोन्ही बाजूंनी कैदी सोडण्याचे ठरले. सामाजी पुन्हा मोकळ्या आभाळाखाली आले. परतीच्या मार्गात ते कोचीनला गेले आणि तेथील यहूदी बांधवांकडे राहिले असे सांगतात. कोचीनच्या मट्टनचेरी भागातील यहूदी प्रार्थनामंदिर १५६८ साली बांधलेले. तेथे नियमशास्त्राच्या हस्तलिखित गुंडाळ्या पवित्र कपाटात ठेवलेल्या असत, शब्बाथाच्या दिवशी त्या बाहेर काढून वाचीत, लहानथोर सारे मिळून इब्री प्रार्थना म्हणत.

वाचकांनी मनात आणावे की कोकणातल्या तेल्यांच्या कुळात जन्मलेल्या, घरच्या घरी शमा म्हणत वाढलेल्या ह्या शिपायाला ते पाहून काय वाटले असेल. त्याच्या समाजाजवळ असे एकही ठिकाण नव्हते. मुंबईत त्यांचे लग्न, सुंता, सण, सारे घरात होई. पुढच्या पिढीला कोण काय शिकविणार? गलबत फुटल्यापासून जे थोडे हाती उरले होते तेही शहराच्या गर्दीत हळूहळू निसटून जाण्याचे भय होते. कैदेत केलेला नवस एका माणसाच्या सुटकेचा होता. कोचीनला त्याचा अर्थ वाढला असावा असे आम्हांला वाटते. घर बांधायचे ते आपल्या आभारापुरते नव्हे, आपल्या लेकरांसाठी आणि साऱ्या जातभाईंच्या लेकरांसाठी.

तरीही ते मंदिर लगेच उभे राहिले नाही. १७८४ च्या तहानंतर बारा वर्षे गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी आजारपणात, अपघातात, मुलाच्या खाटेशी बसून देवाला काही ना काही वचन दिलेले असते. संकट टळले की पहिला महिना आठवण राहते, वर्षाने ती पुसट होते, बारा वर्षांनी कोणी विचारणाराही उरत नाही. नवस केला तर तो फेडण्यास उशीर लावू नये, असा उपदेशकाच्या पुस्तकाचा इशारा आहे. सामाजींना उशीर झाला, पण विसर पडला नाही. शिपायाच्या मिळकतीतून, नोकरी व संसार सांभाळून, जागा व सामान जमवीत त्यांनी आपला शब्द खरा केला.

१७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात ते मंदिर उभे राहिले. मुंबई शहरातील यहूद्यांचे ते पहिले प्रार्थनामंदिर. एक वर्ष आधी, १७९५ च्या ऑगस्टात, महेश्वरी अहिल्याबाईंचे देहावसान झाले होते. देशभर देवळे, घाट व धर्मशाळा बांधणाऱ्या त्या राणीची कीर्ती आमच्या इंदुरात घरोघर आहे. राणीच्या दौलतीपुढे एका देशी अंमलदाराची शिल्लक ती काय? पण देवळाच्या पेटीजवळ बसून प्रभूने ज्या विधवेकडे शिष्यांचे लक्ष वेधले, तिच्या दानाचे माप आपण जाणतो.

मंदिराचे इब्री नाव शाआर हारहमीम असे आहे. त्याचा अर्थ दयेचे द्वार. ज्याला मरणाच्या दारातून दयेने परत फिरविले, त्याने आपल्या समाजासाठी दयेचेच दार बांधले. त्यांनी त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. लोकांनी मागाहून रस्त्याला ते दिले, आणि सॅम्युअल स्ट्रीट हे नाव आजवर चालत आले आहे.

पण मंदिर बांधून काम पुरे होत नव्हते. ज्या कपाटात नियमशास्त्राच्या गुंडाळ्या नाहीत ते कपाट रिकामेच. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली अशी गुंडाळी तयार करणारा लेखक मुंबईत नव्हता. तेव्हा सामाजी पुन्हा कोचीनच्या वाटेला लागले. ह्या वेळी ते बंदिवान नव्हते, हाती शस्त्र नव्हते, आणि वयही झाले होते. मंदिरासाठी ग्रंथ आणावयास गेलेल्या ह्या म्हाताऱ्या शिपायाला १७९७ साली कोचीनलाच मृत्यू आला असे त्यांच्या चरित्रात सांगतात. मोशेने नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला आणि तो तेथेच थांबला. सामाजींनी निदान मंदिरात पाऊल ठेवले होते. त्यात आपल्या हाताने ग्रंथ ठेवणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

एका माणसाने अर्धवट ठेवलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून ही कथा संपवू नये. दयेचे द्वार बंद पडले नाही. पुढील काळात कोचीनहून शिक्षक आले, त्यांनी बेने इस्राएलांना इब्री प्रार्थना शिकविल्या. १८४० नंतरच्या दहा वर्षांत रेवदंडा, अलिबाग व पनवेल येथेही प्रार्थनामंदिरे उभी राहिली. जेथे पूर्वी शनिवारी नुसते घाणे थांबत, तेथे आता शनिवारी शास्त्र वाचले जाऊ लागले.

ह्या कथेत आपल्या मंडळ्यांच्या पूर्वजांचाही एक भाग आहे. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईस आले. त्या मिशनने मराठीत शास्त्रभाग छापले, शाळा काढल्या, आणि त्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली व बेने इस्राएल शिक्षकांनी शिकविले. १८२९ साली आलेल्या डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत तयार केले. मोशे व संदेष्टे ह्यांचे ग्रंथ मराठीत वाचावयास मिळाले तेव्हा ह्या लोकांना फार आनंद झाला. मिशनऱ्यांची अपेक्षा होती की हे लोक ख्रिस्ती होतील. तसे फारसे घडले नाही. बेने इस्राएल आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिक जाणतेपणाने वळले. तरी आम्हांला ह्यात हार दिसत नाही. कोणाच्या हाती त्याचेच हरवलेले पुस्तक परत देणे हेही प्रेमाचे काम आहे, आणि त्या समाजाने हा उपकार मनात ठेवला आहे.

पुढे हायम सॅम्युएल केहीमकर ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा सुरू केली. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला. सामाजींचे मूळ मंदिर काही काळाने अपुरे पडले आणि १८६० साली ते त्याच भागात आताच्या जागी आले. बेने इस्राएल आपल्या मराठीत प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. इंदुरहून मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी मध्य रेल्वेच्या गाडीतून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाताना शेवटच्या स्थानकाच्या अलीकडे मशीद ही पाटी वाचली असेल. ते नाव यहूद्यांच्या ह्याच जुन्या मशिदीवरून पडले, असे पुष्कळ मुंबईकर सांगतात.

पलटणीची परंपराही त्या समाजाने राखली. स्वतंत्र भारताच्या नौदलात बेंजामिन सॅमसन हे बेने इस्राएल गृहस्थ व्हाइस अॅडमिरल झाले. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे जनरल जेकब हेही यहूदी. ते कोलकात्याच्या बगदादी यहूदी घराण्यातले. बूट पॉलिश ह्या १९५४ च्या चित्रपटातील प्रेमळ जॉन चाचा आमच्या पिढीला अजून आठवतात. ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा ते बेने इस्राएल आहेत हे आम्हांला ठाऊक नव्हते.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. तेथे प्रथम त्यांना पुरते यहूदी मानावे की नाही असा वाद निघाला, ह्याचे त्यांना फार दुःख झाले. शेवटी १९६४ साली त्यांचा पूर्ण अधिकार मान्य झाला. ग्रंथावाचून ज्यांनी शब्बाथ जपला, त्यांना आपल्याच भाऊबंदांपुढे साक्षीपुरावा द्यावा लागला. आज भारतात सर्व यहूदी मिळून काही हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहूदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इस्राएलात गेलेल्या घरांतून म्हातारी माणसे अजून मराठी बोलतात आणि मलिदाही होतो.

ही सारी माहिती जमवून आम्ही दोन महिन्यांनी त्याच ओसरीवर मुलांपुढे बसलो. आधी आम्ही त्या मोठ्या मुलीची क्षमा मागितली. तिला राग आला नव्हता, आश्चर्य मात्र वाटले. शिक्षकाने मुलांपुढे आपली चूक कबूल करणे वर्गाला नवीन होते. मग आम्ही सामाजींची कथा सांगितली. कैद्यांची रांग आली तेव्हा मुले पुढे सरकून बसली. टिपूच्या आईपाशी आलो तेव्हा एका लहानग्याने विचारले की तिचे आभार कोणी मानले काय. आम्ही त्याला म्हणालो की मंदिराच्या दाराला दया हे नाव दिले, त्यात देवाचे आभार आले, आणि ज्यांच्या हातून ती दया पोहोचली त्यांचेही आले असे आपण समजावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच आहे. याकोबाचा धडा येईल तेव्हा बेथेलच्या धोंड्याबरोबर सॅम्युअल स्ट्रीटच्या मंदिराचीही गोष्ट सांगा. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत फिरला तो धडा येईल तेव्हा बारा वर्षांनी नवस फेडणाऱ्या शिपायाची आठवण करा. दुःखसहनाच्या सप्ताहात वधस्तंभाचा वृत्तान्त शिकविताना यहूदी हा शब्द तोंडातून कसा निघतो इकडे लक्ष असू द्या. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त दिला आहे. आपण कलम केलेल्या फांद्या आहोत, मूळ त्यांचे आहे. फांदीने मुळाविषयी तोऱ्याने बोलू नये.

तो दहा वर्षांचा मुलगा त्या दिवशी निघताना ओसरीच्या पायरीवर थांबला. आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण दुसरा एक प्रश्न राहिला, असे तो म्हणाला. नियमशास्त्राची गुंडाळी त्या मंदिरात शेवटी आली की नाही? आली, असे आम्ही त्याला सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे तेथे ती शब्बाथामागून शब्बाथ वाचली गेली आहे. आणावयास निघालेला माणूस परतला नाही, पण ग्रंथ पोहोचला. मुलाचे समाधान झाले. तो चपला घालून मल्हारगंजाच्या गल्लीत पळाला, आणि आम्ही वह्या गोळा करू लागलो.